काहीच न पिणारे लाकूड

१

धोंडुबाईच्या घरी जाण्यास वाट एकच होती आणि ती साकवावरून जात असे. खाडीचा एक अरुंद फाटा घराला तीन बाजूंनी वळसा घालून जाई. चौथ्या बाजूस मिठागराचे सोडून दिलेले वाफे होते, आणि त्यांतला चिखल माणसाला गुडघ्यापर्यंत घेतल्यावाचून सोडत नसे. सकाळचा चहा झाला की धोंडुबाई साकव ओलांडून बांधावर जाई, दूध घेई, पुतळीच्या ओटीवर गावाची खबरबात ऐके आणि परतताना साकवाच्या मधोमध, पाय खाली सोडून, मिशरी लावीत तासभर बसे. बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाची तेथून चौकशी होई. कोणाच्या सुनेने काय नेसले आहे, आणि का नेसले आहे, इथपर्यंत. गावात या बैठकीला ‘धोंडुबाईची कचेरी’ म्हणत.

गेल्या कार्तिकात ही कचेरी कोसळली. ताडाच्या दोन खोडांचा तो साकव खाऱ्या पाण्यातल्या किडीने आतून पोखरला होता; एका सकाळी तो मधोमध मोडला आणि धोंडुबाई मिशरीच्या डबीसह चिखलात गेली. मनगट मोडले, डबी वाचली.

तिचा मुलगा प्रविण धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टवर होता. तो मोटारसायकलवरून धावत आला आणि पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहून म्हणाला, “आये, बस झाला आता. रोह्याला चल. दोन खोल्या हायेत, चोवीस तास पाणी हाय.”

“पाणी माझ्याकडं पन चोवीस तास हाय,” धोंडुबाई म्हणाली. “तीन बाजूंनी.”

“मस्करी नको. तुला काय झाला तर मना कळायला दुसरा दिवस उजाडतो.”

“मग दुसऱ्या दिवशी ये.”

बरीच बोलाचाली झाली. अखेरीस दोघांत एक करार ठरला. त्या चिखलात सिमेंटचा खांब कलतो आणि लोखंड गंजते, हे दोघांनाही ठाऊक होते. तेव्हा साकव लाकडाचाच बांधायचा. लाकूड धोंडुबाईने निवडायचे. त्याने एक पावसाळा काढायचा. दसऱ्याला प्रविण येऊन तपासणी करील आणि एक जरी फळी कुजलेली, हललेली किंवा किडकी निघाली, तर धोंडुबाईने कपड्यांचे गाठोडे बांधून निमूटपणे मोटारसायकलवर बसायचे. साकव धड निघाला, तर प्रविणने रोह्याचे नाव पुन्हा काढायचे नाही.

प्रविण मनातल्या मनात हसला. धोंडुबाईने ते पाहिले, आणि त्याच क्षणी तिने ठरवले की लाकूड असे आणायचे की या मुलाच्या नातवंडांनी त्यावर बसून मिशरी लावावी.

२

रोह्याला मितेशभाईची लाकडाची वखार होती. जनू सुतार रामवाडीहून बरोबर आला होता. हा माणूस लाकडाला आधी हात लावी, मग वास घेई, मग कान लावी आणि सर्वांत शेवटी भाव विचारी. धोंडुबाई मात्र वखारीत शिरताच एका ओंडक्यावर बसली आणि म्हणाली, “दाखवा.”

“मावशी, साग घ्या,” मितेशभाई म्हणाला. “साग म्हणजे लाकडांचा राजा.”

“राजाला माझ्या चिखलात उभा करून काय करू? दुसरा दाखव.”

त्याने ऐन दाखवला, किंजळ दाखवला, जांभूळ दाखवले. जांभळावर जनूचा जीव होता. “काकी, विहिरीच्या तळाला जांभूळच घालतात. पाण्यात जितका राहील तितका घट्ट.”

“विहिरीचा पाणी गोडा. माझा खारा. गोड्या पाण्यात सगळेच टिकतात, माझा नवरा पन टिकला असता.”

वखारीच्या मागल्या अंगाला, पत्र्याला टेकवून, आठ-दहा काळसर फळ्या आणि चार खांब उभे होते. वखारीत सर्वत्र भुशाचा थर होता, ओंडक्यांवर, तराजूवर, मितेशभाईच्या भुवयांवरसुद्धा. त्या फळ्यांवर मात्र तो बसला नव्हता. मितेशभाईने सांगितले की माल परदेशातला आहे, बंदरावरून आला, नावाची चिठ्ठी वाटेत फाटली; तीन वर्षे पडून आहे, कोणी नेत नाही.

“का नेत नाय?”

“सुतार लोक परत ठेवून जातात,” मितेशभाई म्हणाला आणि जनूकडे पाहण्याचे त्याने टाळले.

धोंडुबाईने पाचही जातींचा एकेक टवका मागून घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि ती उठली.

३

मिठागरावर लाकूड पारखण्याची एक रीत आहे. ज्या वाफ्यात मीठ धरायला एखादाच दिवस उरला आहे, त्यातले दाट पाणी आणायचे, त्यात लाकडाचा टवका टाकायचा आणि एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत पंधरा दिवस तो तसाच ठेवायचा. जे लाकूड पाण्याला कमीत कमी देईल ते चांगले. कारण लाकडाचा रंग मिठात उतरला की ते मीठ फेकून द्यावे लागते. धोंडुबाईने चाळीस वर्षे मीठ ओढले होते. ही एक परीक्षा सोडून दुसऱ्या कशावरही तिचा विश्वास नव्हता, देवावरसुद्धा तो बेताचाच होता.

लोणच्याच्या पाच बरण्या पडवीत रांगेने मांडल्या गेल्या. पंधरा दिवसांनी सागाचे पाणी चहासारखे झाले. ऐनाचे काळे पडले. जांभळाने लाली सोडली, किंजळाने पिवळेपणा. पाचव्या बरणीतले पाणी जसे घातले होते तसेच होते. धोंडुबाईने टवका बोटांनी उचलला. तो कोरडा होता.

“बघ,” ती जनूला म्हणाली. “पंधरा दिवस पान्यात राहून कोरडा. ह्याच्यापेक्षा टिकाऊ काय असेल?”

जनूने तो टवका तळहातावर घेतला, कानाजवळ नेला आणि लगेच बरणीच्या झाकणावर ठेवून दिला. “काकी, लाकडानं थोडा तरी प्याला पायजे. सागसुद्धा पितो. पितो, फुगतो, वाळतो, म्हनून तर तो लाकूड. जो काय घेत नाय आनि काय देत नाय, त्याला काय म्हनायचा?”

“त्याला चांगला म्हनायचा. तुझा बाप पीत नसता तर तुमचा घर उभा राहिला असता.”

बोलणे खरे होते. त्याने साकव बांधून दिला. फळ्यांना भोके पाडताना ड्रिलची चार पाती गेली. काम संपल्यावर एरवी तो नव्या कामावर बसून बिडी ओढत असे. या वेळी ती त्याने बांधावर जाऊन ओढली.

४

पहिला महिना धोंडुबाई अभिमानाने फुगली होती. साकव हलत नव्हता, करकरत नव्हता, त्याला शेवाळ धरत नव्हते. ज्येष्ठ उलटला, पाऊस सुरू झाला, भरती खांबांना घासून गेली आणि खांब काल बसवल्यासारखेच राहिले. कचेरी पुन्हा भरू लागली.

मग एका सकाळी तिला मधल्या फळीवर एक ओले पाऊल दिसले.

ओल्या पावलाचे नवल ते काय? पाऊल तिचेच होते. डाव्या पायाचे मधले बोट अंगठ्याच्या पुढे जाते, ते तिचेच. परंतु गेले दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती, ऊन कडक होते आणि ती नुकतीच कोरड्या पायांनी घरातून आली होती. हे पाऊल परवाचे होते.

धोंडुबाई विचारी स्त्री होती. तिने प्रथम दव मानले. दव पावलाच्या आकारात पडत नाही, असे लक्षात आल्यावर तिने पायाला लावलेले खोबरेल मानले. मग खाली वाकून पदराने पाऊल पुसले. पदर कोरडा राहिला. पाऊल ओले राहिले.

“बरा,” ती फळीला म्हणाली, “राहा तसाच. माझा काय जातो?” आणि त्या दिवशी ती नेहमीपेक्षा एक वीत पलीकडे सरकून बसली.

५

त्या लाकडाचा गुण गावाला कळला तो पुतळीच्या विसराळूपणामुळे. पुतळी ही धोंडुबाईची चुलत जाऊ. एके दिवशी कचेरीत ती ओले बोंबील घेऊन आली, बोलण्याच्या नादात पाटी साकवाच्या टोकाशी विसरली आणि तीन दिवसांनी धावत आली.

“वयनी गो, आता नाक दाबूनच नेते,” ती म्हणाली आणि पाटीवर वाकली. बराच वेळ ती वाकलेलीच राहिली. “वयनी, हे तर आत्ता जाळ्यातनं काढल्यासारखे हायेत.”

आठवडाभरात साकवाला दुकानाची कळा आली. गावात फ्रीज नव्हते असे नाही. पण फ्रीजला वीज लागते, आणि पावसाळ्यात ती खाडीकाठी पाहुण्यासारखी येते. बायका दूध ठेवू लागल्या, मासळी ठेवू लागल्या, एकीने तर माहेरी न्यायच्या पुरणपोळ्या ठेवल्या. जागेवरून भांडणे होऊ लागली. धोंडुबाईने फळ्या वाटून दिल्या. पहिली दुधाची, दुसरी मासळीची, मधली कचेरीची; तिच्यावर कोणी काही ठेवावयाचे नाही. आयुष्यात प्रथमच आपण काही कारभार पाहत आहोत असे तिला वाटले.

हा कारभार एका निवट्याने मोडला. चिखलात उड्या मारणारे ते लहान मासे पुतळीने टोपलीभर आणले, खसाखसा चिरले आणि तुकडे दुसऱ्या फळीवर मांडून ठेवले. तिसऱ्या दिवशी ती ते न्यायला आली, तेव्हा धोंडुबाई जवळच होती. पुतळीने एक डोके उचलले. नुसतेच डोके; मागे काही नव्हते. त्याचा कल्ला सावकाश उघडला, मिटला आणि पुन्हा उघडला.

त्या गावात हे सहसा घडत नसे.

“वारा असंल,” धोंडुबाई म्हणाली.

“व्हय,” पुतळी म्हणाली. “वाराच.” तिने सारे तुकडे खाडीत लोटून दिले आणि ती बांधाकडे जी निघाली ती मागे न पाहता. दुसऱ्या दिवशी साकवावर दूधही नव्हते आणि मासळीही नव्हती.

६

श्रावणातल्या एका दुपारी धोंडुबाई पडवीत तांदूळ निवडीत होती. रिमझिम पाऊस होता. तिने मान वर केली तेव्हा साकवाच्या मधोमध कोणी बाई पाय खाली सोडून बसली होती.

“कोण गो?”

बाई हलली नाही. हिरवे लुगडे, पावसासाठी पुढे ओढलेला पदर. चेहरा दिसत नव्हता. उजवे कोपर तेवढे पुढे-मागे होत होते, मिशरी लावताना होते तसे. धोंडुबाईने सूप खाली ठेवले आणि ती साकवापर्यंत गेली. तेथे कोणी नव्हते. मधल्या फळीला तिने हात लावला. नुकतेच कोणी उठून गेल्यावर पाट असतो तशी ती उबदार होती.

पेणच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितले की मोतीबिंदू नाही, नजर वयाच्या मानाने उत्तम आहे. धोंडुबाईला याचा फार राग आला. मोतीबिंदू असता तर तो काढता आला असता.

ती आकृती पुढे रोज दिसू लागली, आणि रोज थोडी अधिक वेळ. भिण्यापूर्वी धोंडुबाईला तिच्या पाठीची लाज वाटली. ती पाठ चांगलीच वाकलेली होती, मानेखाली मोठा बाक होता आणि दंडाची कातडी लोंबत होती. आपण अशा दिसतो हे तिला आजवर कोणी सांगितले नव्हते. गावभर लोकांच्या सुनांची मापे काढताना तिने स्वतःला नेहमी पन्नाशीच्या आतच धरले होते.

तिने मधे बसणे सोडले. उपयोग झाला नाही. आता तेथे बसायला तिची गरज नव्हती.

“वयनी, तुला झालाय काय?” एकदा पुतळीने बांधावरून आवाज चढवून विचारले. पहाट नुकतीच सरली होती, धोंडुबाई पडवीच्या पायरीवर होती आणि पुतळी भलत्याच दिशेला तोंड करून, साकवाच्या मध्याकडे पाहून बोलत होती. “काल तीन हाका मारल्या, आज दोन. उत्तर नाय नि काय नाय! साकव मोठा झाला म्हनून तू पन मोठी झालीस?”

“पुतळे, मी इकडं हाय!” धोंडुबाई पायरीवरून ओरडली.

पुतळीने आवाजाच्या दिशेने पाहिले, मग साकवाकडे पाहिले, मग पुन्हा पायरीकडे. तिने हातातली घागर हळूच खाली ठेवली, दोन्ही हात जोडले, नेमके कोणाला ते तिचे तिलाच ठाऊक, आणि ती चालू लागली. त्यानंतर दूध बांधावरच ठेवले जाऊ लागले. आकृती नसेल तेवढ्या वेळात धोंडुबाई पळत जाऊन ते आणी. भाद्रपदाअखेर असा वेळ दिवसातून अर्धा तास उरला. आश्विन लागला तेव्हा तोही उरला नाही. घरात तांदूळ होते, सुकी मासळी होती. दसऱ्याला प्रविण येणार होता आणि साकव लोखंडासारखा उभा होता. एवढ्या एका विचारावर तिने ते दिवस काढले. करार ती जिंकली होती. घरातून बाहेर पडता येत नव्हते, हे खरे. परंतु घरातून तिला कोणी नेऊही शकणार नव्हते.

७

दसऱ्याला दहाच्या सुमारास मोटारसायकल बांधावर थांबली. प्रविण उतरला. धोंडुबाई दाराच्या आत, चौकटीला धरून उभी होती. पुढे होऊन त्याला हाक मारावी, एवढे साधे काम होते.

प्रविणने हेल्मेट काढले आणि साकवाकडे पाहून हात हलवला. “आये! ऊन लागतो, आत बस की!”

तो साकवावर आला. करार त्याला पक्का आठवत होता. त्याने खाडीतला एक दगड उचलून आणला होता. ओणवा होऊन त्याने पहिली फळी ठोकली, मग दुसरी. ठक्, ठक्. खांबांपाशी नख घालून पाहिले. भेगा शोधल्या. पुन्हा ठोकले. अर्धा तास, पाऊण तास तो हेच करीत होता, आणि दारातून पाहणाऱ्या धोंडुबाईला त्याचे लहानपण आठवले. तेव्हाही तो हट्टाने असाच एका जागी बसे. सरतेशेवटी तो त्या हिरव्या लुगड्याजवळ येऊन बसला आणि त्याने दगड बाजूला ठेवला.

“जिंकलीस,” तो म्हणाला. “एक फळी वाईट नाय. शब्द म्हंजे शब्द. रोह्याचा नाव काढनार नाय.”

त्याने हाताचा चिखल निळ्या शर्टाला पुसला.

“आये, पदर तरी वर कर. पुतळीकाकी सांगत होती, तू बोलत नायस. महिना झाला म्हने.” तो आणखी जवळ सरकला. “रागावलीस काय माझ्यावर? मी काय तुझा वाईट बघतो? हेच सांगायला आलो होतो, ऱ्हा इथंच. पन तू अशी... आये, तुझी पाठ बघ कशी झाली. साकव टिकला गो. तू नाय टिकलीस.”

धोंडुबाईच्या तोंडात हाक तयार होती. मी इकडं हाय. चारच पावले आणि तीन शब्द. ती बाहेर आली असती, प्रविणने मागे वळून पाहिले असते, आणि मग त्याच्या शेजारी जे बसले होते ते त्यानेही नीट पाहिले असते. त्यानंतर त्याने तिला या घरात एक रात्र राहू दिले नसते. करार गेला खड्ड्यात, उचलून नेले असते.

तिने चौकट घट्ट धरली आणि ती गप्प राहिली.

“चल,” प्रविण म्हणाला. “करार राहू दे. चार दिवस तरी चल. डॉक्टरला दाखवू.” त्याने हात पुढे केला.

हिरवे लुगडे उठले.

ते त्याच्या हाताला धरून बांधापर्यंत चालत गेले. प्रविणने हेल्मेट पुढे केले, ते मुकाट घातले गेले. पाहणाऱ्या धोंडुबाईला सर्वांत परके वाटले ते हेच. हेल्मेटवरून ती स्वतः किमान दहा मिनिटे भांडली असती. मोटारसायकल सुरू झाली, बांधाच्या वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली.

साकव मोकळा होता. दहा दिवसांनी प्रथमच मोकळा. धोंडुबाई चुलीपाशी बसली आणि आधी हसली, मग रडली, मग तिने पोटभर भात खाल्ला.

८

दुपारी दीडच्या सुमारास तिचा मोबाइल वाजला. प्रविणचा फोन होता. तिने तो उचलला आणि ती काहीच बोलली नाही.

“हॅलो, कोण? पुतळीकाकी ना? आये मोबाइल घरीच विसरली. काकी, दार ओढून घे गो घराचा.”

“व्हय रं,” धोंडुबाई पुतळीसारख्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. “पोचलास?”

“आत्ताच. घरात शिरलो, चपला पन नाय काढल्या. आये खुर्चीवर बसली. शांत हाय. कधी नाय ते आज एका शब्दाला ‘नाय’ म्हनली नाय. काकी, तिकडं काय ठोकतंय? सुतार आलाय काय?”

धोंडुबाईनेही तो आवाज ऐकला होता. जेवण झाल्यापासून ती तो ऐकत होती आणि जनूचा असेल असे मानून चालली होती. ठक्. थोडा वेळ. ठक्, ठक्. फोन कानाला तसाच धरून ती पडवीत आली.

साकवावर एक माणूस ओणवा होऊन फळी ठोकीत होता. पाठमोरा. निळा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. त्याने नख घालून भेग शोधली, दगड उचलला, पुढली फळी ठोकली.

“काकी? हॅलो?” रोह्याहून प्रविण विचारीत होता.

“काय नाय रं,” ती म्हणाली. “वारा हाय.” आणि तिने फोन बंद केला.

तिला तेथे उमटायला अख्खा पावसाळा लागला होता. त्याला पाऊण तास पुरला. ती बराच वेळ त्या पाठीकडे पाहत राहिली. पाठ तरुण होती, रुंद होती आणि तिच्यात धोंडुबाईच्या नवऱ्याची ढब होती. सुटीच्या दिवशीसुद्धा हा मुलगा या घरी तासाच्या वर कधी थांबला नव्हता. शिफ्ट, गाडी, ट्रॅफिक. प्रत्येक वेळी काही ना काही निघे.

आत जाऊन तिने चहाचे आधण ठेवले. दोन कपांचे ठेवले, मग आपण हे काय केले म्हणून एक कप पाणी काढून टाकले, आणि पुन्हा ओतले. साखर घातली. आले ठेचले. मग ती दारापाशी आली. आणि सकाळी ज्या तोंडातून तीन शब्द निघाले नव्हते, त्याच तोंडाने तिने, रोजच्या घरातल्या आवाजात, हाक मारली.

“प्रविण, चहा झालाय. ये.”

ठोकणे थांबले.

मग फळ्या वाजू लागल्या, एकेक, सावकाश, घराच्या दिशेने.